घरी शिकणाऱ्या ख्रिस्ती किशोरांचे सामूहिक वर्ग, नागपूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, पण प्रत्येक आईच्या आवाजातली काळजी वेगळी असते, म्हणून घाईघाईत उत्तर देऊन टाकावंसं वाटत नाही. फोनवर जे सांगते तेच इथं सावकाश लिहिलं आहे. माझी स्वतःची दोन मुलं घरीच शिकली. हे वर्ग आम्ही चार घरांनी मिळून सुरू केले.

ही शाळा आहे, ट्यूशन आहे की संडे स्कूल?

तिन्हींपैकी काहीच नाही. मूल घरीच शिकतं. बोर्ड कोणतं, पुस्तकं कोणती, किती वेगानं जायचं हे आई-बाबा ठरवतात. मंगळवारी आणि शुक्रवारी ही मुलं सदर भागातल्या एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभागृहात जमतात आणि घरी एकट्यानं जे होत नाही तेवढंच इथं करतात. वादविवाद एकट्यानं होत नाही. चार आवाजांतलं गाणं एकट्यानं होत नाही. आपल्या निबंधात कुठं पाणी घातलंय हे आईनं सांगितलं तर तोंड फुगतं, आणि तेच बरोबरीच्या मुलीनं सांगितलं की गपचूप खोडरबर निघतो. घर हे घरच राहतं. वर्ग म्हणजे त्या घराचा ओटा.

संडे स्कूलचं, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाचं, काम मंडळीत चालतं आणि तिथंच चालावं. इथं सुरुवातीला पाच-सात मिनिटं प्रार्थना आणि शास्त्रवाचन (बायबलचं वाचन) होतं, मग अभ्यास.

कोणत्या वयाची मुलं घेता?

१४ पूर्ण झालेली ते १८. एका गटात बारापेक्षा जास्त नाही. तेरा वर्षांच्या मुलाची आई दरवर्षी गळ घालते आणि मला नाही म्हणावं लागतं; त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

पण हे कायद्यात बसतं का?

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. ते न केल्यास पालकांना शिक्षा मात्र त्या कायद्यात सांगितलेली नाही. घरी शिकवण्याला कायद्यानं नाव घेऊन परवानगीही दिलेली नाही आणि नाव घेऊन मनाईही केलेली नाही. मी हे गोड करून सांगत नाही. १४ च्या आतल्या मुलाबद्दल निर्णय घेताना दोघांनी बसून कायदा वाचा, आणि जमलं तर एखाद्या वकिलाशी बोला.

मान्यता न घेता शाळा चालवणं मात्र सरळ गुन्हा आहे, त्याला मोठा दंड आहे. म्हणूनच आम्ही १४ च्या खालची मुलं घेत नाही, रोज दिवसभर वर्ग भरवत नाही, हजेरीचा दाखला देत नाही, टीसी देत नाही. कोणा नातेवाईकानं ‘तुमच्या शाळेचं नाव काय’ म्हणून विचारलं तर मुलांनी ‘मी घरी शिकतो’ असंच सांगायचं. खरं आहे ते सांगायला लाजायचं कारण नाही.

मग दहावी-बारावीचं काय?

आमच्याकडची बहुतेक मुलं एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बसतात. हे १९८९ साली सुरू झालेलं केंद्र सरकारचं बोर्ड आहे. दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात, बारावीसाठी १५. पाच विषय घ्यावे लागतात, त्यात निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षं आणि नऊ संधी मिळतात, त्यामुळे दोन विषय आत्ता आणि तीन सहा महिन्यांनी असंही करता येतं. गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाला ही सोय किती मोठी आहे, ते त्या घरातल्यांनाच कळतं. दहावीला मराठी माध्यमही आहे.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे टीएमए, शिक्षकांनी तपासायचे गृहपाठ. त्यांचे गुण निकालात धरतात. शेवटच्या आठवड्यात ते नुसते उतरवून काढणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे गृहपाठ म्हणजे न घाबरता लिहिण्याचा सराव आहे. आम्ही वर्गात ते एकत्र बसून करतो. लिहायचं मात्र ज्याचं त्यानं.

दुसरा रस्ता राज्य मंडळाचा, सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसण्याचा. त्यासाठी आधीच्या शाळेचा दाखला लागतो. शाळा सोडताना मूळ टीसी घ्या आणि तो जन्मदाखल्याबरोबर कपाटात ठेवा. ‘नंतर घेऊ’ म्हणणाऱ्या एका कुटुंबानं पुढे तीन वेळा सुट्टी टाकून त्या शाळेच्या पायऱ्या झिजवल्या.

एनआयओएसमधून बारावीला विज्ञान घेणार असाल तर प्रात्यक्षिकं मिळालेल्या अभ्यासकेंद्रावर होतात. केंद्र निवडताना आधी जाऊन प्रयोगशाळा डोळ्यांनी पाहून या.

आठवड्याला काय काय शिकवता?

मंगळवारी मराठी लेखन, गणिताची ‘अडलेली गणितं’ आणि गायन. शुक्रवारी विज्ञानाचे प्रयोग, इतिहास आणि वादविवाद. गणिताबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुलं घरून अडलेलं गणित आणतात, फळ्यावर मांडतात, ज्याला येतं तो समजावतो.

इतिहासाबद्दल मात्र सांगू द्या, कारण या वर्गासाठी मी आठवडाभर वाट पाहते. आपल्या मुलांना बायबलमधल्या पौलाचे प्रवास नकाशावर दाखवता येतात, पण रोज ज्या रस्त्यानं ती जातात त्याचा इतिहास माहीत नसतो. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा (सीएनआयचा) जन्म झाला. मुंबईत नाही, दिल्लीत नाही, आपल्या नागपुरात. अमेरिकन परंपरेतली मोठी मेथडिस्ट मंडळी त्या एकीकरणातून बाहेर राहिली. आमच्या वर्गात दोन्हीकडची मुलं असतात. ‘का आले’ आणि ‘का नाही आले’ यावर आम्ही वादविवाद ठेवला, आणि नियम असा केला की प्रत्येकानं समोरच्याची बाजू मांडायची. घरी जाऊन आजोबांना विचारल्याशिवाय कोणालाच ते जमलं नाही. त्या आठवड्यात कितीतरी आजोबा बोलते झाले.

मग हिस्लॉप. कॉलेजमुळे नाव सगळ्यांना ठाऊक, पण ते कॉलेज १८८३ सालचं, आणि स्टीफन हिस्लॉप त्याच्या वीस वर्षं आधीच गेले होते. स्कॉटलंडहून १८४५ साली नागपुरात आलेला हा मिशनरी शाळा चालवायचा, गोंडांच्या कथा-गीतं लिहून घ्यायचा आणि सुट्टीत दगड फोडायचा. टाकळीच्या खडकात त्यांना जीवाश्म सापडले. हिस्लोपाइट हे खनिज त्यांच्याच नावाचं. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना, पूर आलेलं पाणी ओलांडताना ते बुडाले. हे सांगितल्यावर वर्गात एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे मॅडम, ते अभ्यास करतानाच गेले.’

त्यानंतर आम्ही काटोल रोडवर जुनापाणीची शिळावर्तुळं पाहायला गेलो. तिथं लोहयुगातली सुमारे तीनशे वर्तुळं आहेत, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. मुलांनी टेपनं व्यास मोजले, खळगे मोजले, वहीत आकृत्या काढल्या. दगड हलवायचा नाही, उचलून आणायचा तर नाहीच, ही ताकीद जाण्याआधीच दिली होती.

मराठी लेखन कशाला? मुलं तर पुढे इंग्रजीतच जाणार.

जातील, आणि इंग्रजीही आम्ही सोडत नाही. पण आपल्या मुलांना प्रार्थना मराठीत येते आणि विचार मांडताना भाषा तुटते, ही दरी मला सलते. ख्रिस्ती माणसानं मराठी समृद्ध केली आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक काही काळ नागपुरातच धनिक बुटींच्या आश्रयाला होते, आणि इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. नीट शाळाही न शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन हे काव्य पुढे नेलं आणि मराठीतलं एक थोर आत्मचरित्र लिहिलं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं. एवढा वारसा घरात असताना मुलांनी ‘मला मराठी लिहिता येत नाही’ म्हणावं हे बरं नाही.

वर्गात आम्ही ओवी बांधायला लावतो. पहिले तीन चरण यमकाचे, चौथा मोकळा. पहिल्या दिवशी सगळी कुरकुरतात. गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं नाग नदीवर चार ओव्या केल्या, आणि तिसरीत ‘गाळ’ला यमक जुळेना म्हणून डबा खायचा सोडून कागद घेऊन फिरत होती. ‘सकाळ’ सुचल्यावर तिनं जे ओरडून सांगितलं ते बाहेरच्या वॉचमनदादांनाही कळलं.

मल्याळी, तमिळ, हिंदी बोलणाऱ्या घरांतली मुलंही येतात. त्यांच्याकडून मी तेवढीच मराठी मागते जेवढी झेपेल. ती आपल्या भाषेतलं गीत घेऊन येतात आणि सगळे ते शिकतात.

उत्क्रांती शिकवता का?

हो. जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात ती आहे आणि ती नीट, पुराव्यासकट शिकवतो. दख्खनच्या लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि नागपूरच्या आसपास त्या थरांच्या मधल्या खडकांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख सापडतात. भिंगाखाली तो शंख पाहिल्यावर मुलं प्रश्न विचारतातच. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाकडे कसं पाहायचं याबद्दल आमच्या घराघरांत मतभेद आहेत. वर्गात आम्ही कोणत्याही घराचं मत चुकीचं ठरवत नाही. पण विज्ञान काय म्हणतं ते मुलापासून लपवून ठेवणं मला मान्य नाही. मुलगा कॉलेजात गेल्यावर त्याला वाटू नये की घरच्यांनी आपल्याला अंधारात ठेवलं. हे पटत नसेल तर विज्ञानाचा तास सोडून बाकीचे तास घेता येतात.

आम्ही कॅथलिक आहोत. चालेल का?

आनंदानं. सीएनआय, मेथडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल अशी सगळी घरं आहेत. बाप्तिस्मा केव्हा, मरियेचं स्थान काय, शास्त्रात ६६ पुस्तकं की ७३, यावर मुलं मधल्या सुट्टीत हिरिरीनं बोलतात आणि आम्ही बोलू देतो. शिक्षक मात्र निवाडा देत नाही. ‘घरी विचार, तुझ्या पाळकसाहेबांना विचार, फादरना विचार,’ एवढंच. मूल आपली मंडळी सोडून दुसरीकडे ओढलं जाईल असं काही कोणी शिक्षकानं केलं, तर तो शिक्षक दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नसेल.

ख्रिस्ती नसलेल्या घरातलं मूल येऊ शकतं का?

सहलींना आणि वादविवादाला येऊ शकतं, पालकांच्या लेखी संमतीनं. शेजारची, ओळखीची मुलं येतात. त्या दिवशी उपासना नसते. कोणाचा धर्म बदलावा म्हणून आम्ही वर्ग घेत नाही, हे मी मोकळेपणानं आणि मनापासून सांगते. नियमित गट ख्रिस्ती कुटुंबांचाच ठेवला आहे, कारण तो त्या कुटुंबांची गरज म्हणून उभा राहिला.

घरी शिकणारी मुलं एकलकोंडी होतात ना?

हा प्रश्न आई-बाबांपेक्षा आजी जास्त विचारते. तिचं चूक नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मुलाला आईपेक्षा मित्र जवळचा वाटतो आणि तसा वाटायलाच हवा. लहानपणी घर पुरतं. या वयात पुरत नाही. माझ्या थोरल्याच्या बाबतीत हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तो दहावीच्या वर्षी दुपारभर खिडकीत बसून गल्लीतल्या मुलांचं क्रिकेट बघायचा आणि मी समजायचे, अभ्यासाचा कंटाळा आलाय. हे वर्ग त्या खिडकीतून सुरू झाले.

पण आठवड्यातले दोन दिवसही पुरेसे नाहीत. मुलाला मैदानावर पाठवा, मंडळीच्या तरुण संघात पाठवा, रमण विज्ञान केंद्रात आणि अजब बंगल्यात मित्रांबरोबर मेट्रोनं जाऊ द्या. फक्त ख्रिस्ती मित्रच हवेत असा हट्टही धरू नका. ज्या शहरात त्यांना जगायचं आहे त्या शहराची ओळख वर्गात बसून होत नाही.

माझ्या मुलीला विश्वासाबद्दल शंका येतात. तिला पाठवू का?

तिला नक्की पाठवा. दोन वर्षांपूर्वी एका सोळा वर्षांच्या मुलीनं निबंधाच्या वहीत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आम्ही सगळ्यांनी प्रार्थना केली, तरी आजोबा गेले.’ वही तपासायला माझ्याकडे आली. त्याखाली लाल पेननं काय लिहायचं? मी काही लिहिलं नाही. पुढच्या शुक्रवारी शास्त्रवाचनाला आम्ही विलापाची स्तोत्रं घेतली. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी दिलासा येत नाही. ते वाचून झाल्यावर मी समजावून सांगितलं नाही, फक्त म्हटलं की हेही पवित्र शास्त्रात आहे. ती मुलगी त्या दिवशी काही बोलली नाही. दोन-तीन आठवड्यांनी डबा खाताना आजोबांबद्दल बोलली, ते संत्री सोलून बिया काढून द्यायचे म्हणून.

शंका विचारली म्हणून आमच्याकडे कोणाला रागावत नाहीत, आणि त्याची चर्चा बाहेर होत नाही. मूल स्वतःला इजा करेल अशी भीती वाटली तर मात्र पालकांना त्याच दिवशी सांगतो आणि डॉक्टरांकडे न्यायला सांगतो. प्रार्थना आणि डॉक्टर दोन्ही हवेत.

मुलामुलींच्या सुरक्षिततेचं काय?

वर्गात कायम दोन मोठी माणसं. कोणताही शिक्षक कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा बसत नाही, समुपदेशनासाठीही नाही. शिक्षक मुलांना खासगी मेसेज करत नाहीत. जे असेल ते पालकांच्या ग्रुपवर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायदा २०१२ मध्ये काय आहे हे प्रत्येक शिक्षकाला आणि ड्यूटीवरच्या पालकाला समजावून सांगतो. ‘आपलेच लोक आहेत’ म्हणून यात सूट नाही. आपल्याच लोकांत जास्त जपावं लागतं.

मोबाईल?

आल्यावर टोपलीत, जाताना परत.

वेळ काय? उन्हाळ्यात कसं?

सकाळी साडेनऊ ते दीड, डबा घरून. आपल्या विदर्भात शाळाही उरलेल्या महाराष्ट्रानंतर उघडतात. आम्हीही जून संपता संपता सुरू करतो. मार्चच्या मध्यापासून वेळ सात ते साडेदहा. पारा ४५ च्या पलीकडे जातो त्या मे महिन्यात वर्ग बंद. एप्रिलच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी केंद्रावर जाताना डोक्याला दुपट्टा बांधावा आणि पाणी जवळ ठेवावं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आणि नाताळाच्या आठवड्यात सुट्टी.

फी किती?

विषयागणिक महिन्याला ६०० रुपये. सभागृहाचं भाडं, प्रयोगाचं सामान आणि शिक्षकांचं मानधन यातच भागतं. बोर्डाची फी वेगळी, ती तुम्ही थेट बोर्डाला भरायची. ज्यांना झेपत नाही त्यांनी मला एकटीला सांगावं. फीमुळे आजवर कोणाला परत पाठवलेलं नाही.

पालकांना काय करावं लागतं?

महिन्यातून एक दिवस ड्यूटी: दार, हजेरी, डब्यानंतरची आवराआवर. बाबांनीही यायचं, ‘तिलाच जमतं’ हे आम्ही ऐकत नाही. ज्याला जे येतं ते त्यानं एकदा शिकवावं अशी आमची विनंती असते. रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका काकांनी सिग्नल कसा चालतो ते शिकवलं, आणि त्या दिवशी तास संपल्यावरही कोणी उठलं नाही.

आणि घरचा अभ्यास घरीच व्हायला हवा. आठवड्यातले पाच दिवस मूल नुसतं पडून असेल आणि दोन दिवस आमच्यावर सोपवलं असेल, तर ते होमस्कूलिंग नाही. अशा घराला मी शाळाच सुचवते. नागपुरात चांगल्या शाळा आहेत.

शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना घेता का?

घेतो, पण आधी भेटून, आम्हाला काय जमेल आणि काय नाही हे स्पष्ट बोलून. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाकडून परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अर्ज वेळेत करा.

नाव कसं नोंदवायचं?

आधी एक शुक्रवार येऊन मागच्या बाकावर बसा, पूर्ण वेळ. मुलालाही आणा आणि घरी जाऊन त्याला विचारा. त्याला नको असेल तर आग्रह करू नका, सहा महिन्यांनी परत या. हवं असेल तर जन्मदाखल्याची झेरॉक्स, शेवटच्या शाळेचा टीसी असल्यास त्याची झेरॉक्स आणि दोन्ही पालकांच्या सह्यांचं पत्र आणा. आणि मुलाच्या हस्ताक्षरातलं एक पान, विषय कोणताही. ते पान आम्ही तपासत नाही. वर्ष संपताना त्याचं त्याला परत देतो.